तांबड्या पाण्याची चूळ

दुम्यात शहर, १० जून २०२०

प्रिय आबानूब,

पाकिटाच्या कोपऱ्यात एकचा आकडा घातला आहे, तो बघून मगच हे वाच. पोस्टातली बाई म्हणाली, "मेलबर्न? विमानं कुठायत बाई! महिन्याने जाईल, दोन महिन्यांनी जाईल, नाहीतर तुमची सगळी पत्रं एकदमच जाऊन थडकतील." गोष्टीचं शेवटचं पान आधी उलटून बघायची तुझी खोड मला माहीत आहे. ती इथे नको.

फोन तू उचलत नाहीस. तुझा शेवटचा संदेश तेवढा माझ्याकडे आहे, ताईला मारतात ती अब्ला ही हाक घालून लिहिलेला. "अब्ला, एकच सांग. बाबा स्वतः त्या पाण्याची चूळ भरत होते का? की लोकांना शिकवता शिकवता स्वतः निष्काळजी राहिले?" त्यावर मी काय लिहिलं, तर "देवाची मर्जी, बाळा." त्यानंतर तू दार लावून घेतलंस. बाप गेलेला मुलगा एक साधा प्रश्न विचारतो आणि त्याला भिंतीवर टांगायचं वचन ऐकवायचं, याला काय म्हणावं? मीही तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

तुला काय टोचतंय तेही मला ठाऊक आहे. तुमच्या ईस्टरच्या दिवशी मी शुभेच्छा द्यायला घरी आले होते, तेव्हाच तुझा फोन आला. तुझे बाबा फोन तोंडासमोर धरून बोलायचे, निम्म्या गल्लीला ऐकू जायचं. तू म्हणालास, "बाबा, तांबड्या पाण्याने साथ थांबत नाही. दवाखाना बंद करा." ते म्हणाले, "थांबत नाही हे मलाही कळतं रे. पण दाढ सुजलेला माणूस कुठे जाईल? सुताराकडे?" तू म्हणालास, "हट्टी आहात. मराल त्या हट्टापायी." आणि फोन ठेवलास. त्यांनी मला सणाच्या कहक बिस्किटांचा डबा दिला आणि म्हणाले, "डॉक्टर झालाय ना, आता बापालाच औषध पाजणार!" हसले, पण कॉफी तशीच राहिली.

तेव्हा ऐक. सव्वीस वर्षं मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. शाळा सुटली की तू माझ्या स्टुलावर बसून मेणाचे दात करायचास तेव्हापासूनची मी तिथे. तुझी आई गेली त्या वर्षी तुझा डबाही मीच भरला. मी सांगेन ते तुला पटायला हवं.

साथ आल्यावर दवाखाना दुपारी बारा ते तीन एवढाच उघडा होता, ठणका लागलेल्यांपुरता. नियम एकच. खुर्चीत बसण्याआधी प्रत्येकाला आयोडिनच्या तांबड्या पाण्याचं एक माप, कोऱ्या चहाच्या रंगाचं. अर्धं मिनिट तोंडात खळबळवायचं, अर्धं मिनिट मान मागे टाकून गुळणी, मग थुंकायचं. त्यानंतरच डॉक्टरसाहेब तोंडात हत्यार घालणार, कारण ते फिरणारं यंत्र लाळेचे तुषार खोलीभर उडवतं. मी एकदा विचारलं, "याने विषाणू मरतो का?" तर म्हणाले, "इन्साफ, पायपुसण्यावर पाय पुसले म्हणून घर धुतलं जात नाही. पण चिखल कमी येतो की नाही? थोडा वेळ तोंडातला विषाणू कमी होतो. मला तेवढा वेळ पुरतो." मुखपट्टी, काचेची ढाल, उघडी खिडकी हे सगळं होतंच. ते स्वतःही रोज चूळ भरायचे आणि मलाही भरायला लावायचे.

आता जे घडलं ते. चार मेला, रमजानच्या अकराव्या दिवशी, उस्ता शलबी आला. खुर्च्यांच्या पाठीवर गुलाब कोरणारा उस्ताद सुतार, तू ओळखतोस, दारू न पिता भांडणारा. गाल फुगून डोळा बंद झालेला. रोजा होता, म्हणून चूळ भरायला तयार होईना. तुझ्या बाबांना भीड पडली. ते कॉप्टिक ख्रिस्ती, समोरचा रोज्यात असलेला मुसलमान. त्यांनी त्याला तशीच सूट दिली आणि दाढ काढली. दहा दिवसांनी त्यांना ताप आला.

म्हणजे स्वतःच्या बाबतीत ते निष्काळजी नव्हते, एका रोग्याच्या बाबतीत नरम पडले, एवढंच. यात तुझा शब्द कुठे आला? तू स्वतःला खाऊ नकोस.

दवाखाना मी दर दोन दिवसांनी उघडून झाडते. पडदे लावल्यावर आत अजून लवंगेच्या तेलाचा वास भरून असतो.

तुझी,
अब्ला इन्साफ

दुम्यात, १७ जून २०२०

आबानूब,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. ते पत्र परत घ्यायला पोस्टात गेले होते. ती बाई म्हणाली, "पेटीत पडलं की ते आता सरकारचं." म्हणून हे दुसरं.

काल मिशब्बक घ्यायला गेले. गोड खायची इच्छा नव्हती, पण दुकान उघडं दिसलं. तो गोडवाला तळता तळता म्हणतो, "देव माणूस होता वग्दी डॉक्टर. पण ढिला पडायचा म्हणतात. लोकांना बिनचुळीचं खुर्चीत घ्यायचा." मी विचारलं, "कोण म्हणतं?" म्हणाला, "सगळेच." सगळेच म्हणजे कोण ते मला माहीत आहे. ईदनंतर बेकरीच्या रांगेत एकीने विचारलं होतं, तेव्हा मीच हे सांगितलं. माझंच खोटं सगळा बाजार फिरून मिशब्बकच्या पाकासारखं माझ्या हाताला येऊन चिकटलं. मी त्याच्यावर ओरडले, "जिभेला हाड आहे का तुझ्या? मेलेल्या माणसाला नावं ठेवतोस!" त्या बिचाऱ्याने घाईघाईने पुडी बांधून पुढे केली.

उस्ता शलबीला सूट तुझ्या बाबांनी दिली नाही. ते आतल्या हत्यारांच्या खोलीत होते. सूट मी दिली.

मी माप पुढे केलं तसा तो मागे सरकला. "हे काय? रक्त?"

"आयोडिन. चूळ भर, गुळणी कर, थुंक."

"बाई, माझा रोजा आहे."

"थुंकायचं आहे, प्यायचं नाहीये, उस्ता."

"आणि गुळणी करताना थेंब खाली उतरला तर? दहा रोजे धरलेत मी, दुखऱ्या दाढेने! हा लाल काढा माझ्या अकराव्याचा मुडदा पाडणार, आणि वर हिशोब कोण देणार, तुम्ही?"

"आजाऱ्याला रोजा माफ असतो, माहीत आहे ना?"

"आजारी कोण? दाढ आजारी आहे. मी ठणठणीत आहे!"

मी हसले. खरं सांगू? मला तो आवडला. कारण मीही तशीच होते. नवव्या वर्षापासून मी एक रोजा सोडलेला नाही, बाईमाणसाला सूट असते तेवढे दिवस वगळून, आणि तेही नंतर मोजून भरून दिले. त्याचा मला गर्व होता. नमाजाचा नव्हता, दानाचा नव्हता, या एका गोष्टीचा होता.

रमजानच्या आधी तुझ्या बाबांनी मला मशिदीतल्या शेखांकडे पाठवलं होतं. "मी विचारलं तर बरं दिसणार नाही, तू विचार." शेख म्हणाले, "चूळ चालते. थुंकून टाकली की रोजा तुटत नाही. पण रोज्यात पाणी घशापर्यंत नेऊ नये, आणि चुकून गिळलं तर तो दिवस नंतर भरून द्यावा." मी परत येऊन तुझ्या बाबांना काय सांगितलं, तर "चालतं म्हणाले." निम्मं. दुसरं निम्मं मी माझ्यापाशी ठेवलं.

मग मी माझी युक्ती काढली. साध्या पाण्याची चूळ तर आम्ही नमाजाआधीच्या वजूला दिवसातून पाच वेळा भरतोच. त्याला चव नाही, वास नाही, घशात काही मागे राहत नाही. मी उस्ता शलबीचं माप बाजूला ठेवलं आणि नळाचं पाणी दिलं. त्याने खुळखुळून थुंकलं. "असं मुसलमानासारखं बोला की!" म्हणाला. मी रजिस्टर उघडलं. नाव, वेळ, चूळ असे तीन रकाने. तिसऱ्यात बरोबरची खूण केली.

तो पहिला नव्हता. पहिल्या रोज्यापासून हेच चाललं होतं. औषध त्या दिवसांत मिळत नव्हतं, ओतून फेकायला जीव होईना, म्हणून पहिल्या दिवशी भरलेलं तेच एक माप मी सगळ्यांना दाखवायचे आणि बाटलीला हातच लावणं सोडलं. खुणा मात्र एका ओळीत, सुंदर अक्षरात. तुझ्या बाबांना माझ्या अक्षराचं कौतुक होतं.

म्हणजे त्यांनी ज्या तोंडांत हात घातला, ती सगळी माझ्या शब्दावर. हे तुला कळायला हवं होतं. बाजारात फिरतंय ते नव्हे.

इन्साफ

दुम्यात, २४ जून २०२०

आबानूब,

उस्ता शलबी आज आला होता. पायऱ्या दोन-दोन चढत. मी खिडकीतून पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, हा कबरीतून कसा उठून आला. कारण मनात मी त्याला कधीच मारून टाकलं होतं. रोग याच्या तोंडातून आला, म्हणजे हाही गेलाच असणार, असा माझा हिशोब.

त्याने लाकडाची पाटी आणली होती. तुझ्या बाबांचं नाव, भोवती द्राक्षाचा वेल, वर बारीक क्रूस. म्हणाला, "चाळिसाव्या दिवसाला लावा. मजुरीचं नाव काढलंत तर याच हातोडीने तुमचा दात पाडीन."

मी विचारलं, "तुला काही झालं नाही? ताप, खोकला?"

"मला? बाई, मी बायकोला म्हटलं होतं, निदान शिंक तरी येऊ दे म्हणजे दोन दिवस आराम मिळेल. कसलं काय! घरात आठ माणसं, एकालाही काही नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्यामुळे तर नाही ना गेले ते? लोक माझ्याकडे बघतात."

लोक त्याच्याकडे बघतात. तेही माझंच काम. मी म्हणाले, "नाही उस्ता. तुझ्यामुळे नाही." आणि ते बोलले तेव्हा मला कळलं की आता पुढचं तुला सांगायला हवं. आढेवेढे पुष्कळ झाले.

रजिस्टरात रोज पहिल्या ओळीवर आमची दोघांची नावं असायची. डॉ. वग्दी नाशिद, खूण. इन्साफ, खूण. रमजानात माझ्या नावापुढची एकही खूण खरी नाही. मीही साधं पाणीच तोंडात फिरवायचे, तेही ओठांपाशी. दुपारी बाराला ते विचारायचे, "इन्साफ, चूळ झाली?" आणि मी म्हणायचे, "झाली, देवाची कृपा." तेवढंच.

आणि त्यांची? तुझा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, आबानूब. "रोज भरायचे" असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, पण रमजानाच्या आधीचं मी पाहिलेलं आहे, रमजानातलं नाही. रोज्याच्या महिन्यात त्यांनी सव्वीस वर्षांत माझ्यासमोर पाण्याचा घोट घेतला नाही. आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे. चूळही तिथेच. बाहेर कॉम्प्रेसर घरघरत असायचा, आत गुळणी केली की नाही कसं कळणार? मी न बघताच त्यांच्याही नावापुढे खूण करायचे. म्हणून तुला "देवाची मर्जी" लिहिलं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथे देवाला पुढे करायचं, ही माझी जुनी सवय.

आता दुसरी लपवलेली गोष्ट. नऊ मे, शनिवार. हत्यारांचा ट्रे उचलताना माझ्या हातून लवंगेच्या तेलाची कुपी सांडली. पूर्ण. तुझे बाबा आतून आले आणि म्हणाले, "बाप रे! लवंगेच्या पोत्यात बसल्यासारखं झालंय. डोळ्यांत पाणी आलं. तुला नाही झोंबत?"

मला काहीच येत नव्हतं. बोळ्याने तेल पुसत होते, हात तेलाने माखलेला, आणि वास नाही. सकाळी कांदा चिरतानाही आला नव्हता, तेव्हा मी म्हटलं रोज्याने नाक कोरडं पडलं. पण लवंग? त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ताप, खोकला किंवा वास गेला, तर त्या दिवसापासून घरी. विचारायचं नाही, सांगायचं नाही, फक्त घरी."

मी म्हणाले, "झोंबतंय ना! नाक चुरचुरतंय." आणि रुमालाने डोळे टिपले. नाटकच केलं.

का केलं, हे मी स्वतःला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. ते एकटे पडतील, दुसरी मदतनीस मिळणार नाही. सगळं खरं, आणि यातलं एकही कारण नाही. त्या दिवसांत ज्याला लागण झाली त्याला इस्पितळात नेऊन ठेवायचे. तिथे गोळ्या, सलाईन. माझे रोजे मोडले असते. शेवटचे दहा दिवस तोंडावर आले होते. त्रेचाळीस वर्षांची माळ माझ्या हातून तुटली असती. बस, एवढंच कारण. दुबळ्यांना सूट असते, मी दुबळी नव्हे.

नऊ, दहा, अकरा, बारा. चार दिवस मी गेले. दवाखाना संपला की दोघं आतल्या खोलीत हत्यारं उकळायचो. खिडकी नाही, वाफेने जीव गुदमरायचा, मुखपट्ट्या हनुवटीवर. चौदाला त्यांना ताप. सत्तावीसला गेले. तेराला मला आलेला ताप दोन दिवसांत उतरला, अंग मोडून आलं तेवढंच. रोजे तीसच्या तीस पूर्ण.

तांबड्या पाण्याची चूळ भरली असती तरी मी आजारी होतेच. त्या पाण्याने आजार बरा होत नाही, हे ते स्वतः म्हणायचे. कुणाकडून कुणाला गेलं हे कोणी सांगू शकणार नाही. पण नऊ तारखेला मी घरी बसले असते, तर तो हिशोब करायची वेळ आली नसती.

दवाखान्यात लवंगेचा वास भरून असतो असं मी तुला लिहिलं होतं. मला माहीत नाही. येत असेल.

इन्साफ

दुम्यात, ५ जुलै २०२०

आबानूब,

आज चाळिसावा. साथीमुळे गर्दी नव्हती. कबरीपाशी अबूना पाद्री, तुझे मामा, आणि आम्ही मोजून पाच जण. उस्ता शलबी आला, हात बांधून मागे उभा राहिला. अबूनांनी धूप फिरवला. सगळ्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, मी नुसताच घेतला. पाटी लावली. द्राक्षाच्या वेलात एक पान उलटं कोरलं गेलंय, ते त्याने मला हळूच दाखवलं आणि म्हणाला, "डॉक्टरांनी लगेच पकडलं असतं."

परत येऊन आतल्या खोलीचं कपाट आवरायला घेतलं. मामा म्हणाले होते, दवाखाना पुढच्या महिन्यात सोडायचा. हातमोज्यांच्या खोक्यामागे आयोडिनच्या दोन बाटल्या होत्या. तुला त्यांची सवय आठवते? तुझ्या आईच्या औषधांच्या बाटल्यांवर चिकटपट्टी लावून दर आठवड्याला पेन्सिलीने रेघ ओढायचे, किती उतरलं, वेळेवर घेतलं की नाही ते बघायला. आई म्हणायची, "नवरा नाही, पोलीस आहे."

तेच. पहिली बाटली रिकामी, पट्टीवर दर शनिवारची रेघ. दोन रेघांत दोन-दोन बोटांचं अंतर. दुसरी बाटली रमजानाला उघडलेली. पंचवीस एप्रिल, दोन मे, नऊ मे. तीन रेघा, जवळजवळ एकावर एक. पहिली आणि तिसरी यांच्यामध्ये माझं नखही नीट मावत नाही.

त्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून. आणि बाटली तरी कशाला हवी होती? ईस्टरपर्यंत बेसिनला तांबडा डाग पडायचा, मी रोज राखेने घासायचे. रमजानात बेसिन बगळ्यासारखं पांढरं. त्यांना काय डोळे नव्हते?

पहिल्या रेघेशेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे, "रोजे आहेत. बोलू नये." दुसऱ्या रेघेशेजारी, "इन्साफ खिडकीशीच."

तुला आठवतं, मेच्या सुरुवातीला मी फोनवर तुझ्याकडे तक्रार केली होती? "तुझे बाबा म्हातारे झाले. सव्वीस वर्षांनी मला खुर्चीशेजारून उठवून खिडकीत बसवलं. लाळ ओढायची नळीही स्वतःच धरतात. मला काय वास येतो?" तू हसला होतास. मी आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलले. ते नुसतं म्हणायचे, "तिथे वारा चांगला आहे, इन्साफ." लोकांनी चूळ भरलेली नाही हे कळल्यावर त्यांनी लोकांना काही म्हटलं नाही, मला काही म्हटलं नाही. मला तेवढं त्या तोंडांपासून दूर बसवलं आणि स्वतः एकटे वाकले. ख्रिस्ती डॉक्टर रोज्यात बळजबरीने औषध तोंडात घालायला लावतो, असं कुणी म्हणावं हे त्यांना नको होतं. आणि त्याहून जास्त, मला खोटं पाडायचं नव्हतं.

तिसऱ्या रेघेशेजारी एकच शब्द आहे, "लवंग." त्याखाली, "रजा द्यावी."

माझं रुमालाचं नाटक त्यांना फसवू शकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते मला म्हणाले होते, "इन्साफ, शेवटचे दहा दिवस आलेच. तू रजा घे, घरी नमाज पढ, मी बघतो." केवढा सोपा दरवाजा उघडून दिला होता. रोजेही राहिले असते, लाजही राहिली असती. आणि मी छाती काढून म्हणाले, "सव्वीस वर्षांत एक खाडा नाही माझा, डॉक्टरसाहेब! तुमचे पंचावन्न दिवसांचे उपास असतात तेव्हा तुम्ही रजा घेता का?" ते हसले. म्हणाले, "तुमचे तीस, आमचे पंचावन्न, पण पहाटे उठवायला ढोल वाजतो तो तुमच्यासाठीच." आणि विषय सोडून दिला.

एकदा ओरडले असते तर! "इन्साफ, खोटं बोलतेस, नीघ घरी," एवढं म्हणाले असते तर मी रडत गेले असते, महिनाभर तोंड दाखवलं नसतं, आणि ते आज माझ्यावर चिडत खुर्चीत बसले असते. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती भिकेपाशी थांबली नाही. मी त्यांच्यापासून लपवलं, मला कळलंय हे त्यांनी माझ्यापासून लपवलं, आणि दोघंही रोज दुपारी एकमेकांना विचारायचो, चूळ झाली का, झाली.

मला त्यांचा राग येतो, आबानूब. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. मग माझाच येतो, आणि तो जात नाही.

आता तुझा प्रश्न. ती बाटली तीन शनिवारांत नखभर उतरली आहे. रोग्यांनी तिला तोंड लावलं नाही, मी लावलं नाही. मी मापाने मोजून पाहिलं. एका माणसाची रोजची एक चूळ, तेवढंच पाणी कमी आहे, ना थेंब जास्त ना थेंब उणा. लोटलेल्या दाराआड, कोणी बघत नसताना, ते रोज भरत होते. तुझे बाबा निष्काळजी नव्हते. हट्टी होते, भिडस्त होते, पण निष्काळजी नव्हते. तुझ्या शब्दाने ते गेले नाहीत. तो शब्द तू आता खाली ठेव.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुलाही भीड पडेल. उत्तर देऊ नकोस हवं तर. दिलंस, तर ओरड.

हे पत्र टपालात टाकण्याआधी मी एक केलं. दुसऱ्या बाटलीतून एक माप ओतलं, खिडकीत उभी राहिले, घड्याळ समोर धरून अर्धं मिनिट खळबळवलं, अर्धं मिनिट गुळणी केली. चव लोखंडासारखी आहे, मला माहीतच नव्हतं. थुंकले. बेसिनला डाग पडला, तो घासला नाही. मग रजिस्टर उघडलं, आजची तारीख घातली आणि सवयीने पहिल्या ओळीवर दोन्ही नावं लिहिली. माझ्या नावापुढे खूण केली. त्यांच्या नावापुढे पेन टेकवलं, आणि उचललं. तो रकाना रिकामा आहे.

अब्ला